रुमालाखालची दोन बोटं

मार्केट यार्डातल्या गूळ-भुसार विभागात कुणाही जुन्या माणसाजवळ हिंमतराव जगतापांचं नाव काढा. तो आधी हसेल आणि मग स्वतःच्याच बोटांकडे बघेल. हिंमतराव तात्यारावांच्या अडत दुकानात लिलावाला हात द्यायचे. हात द्यायचे म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. ज्यांना सांगावं लागत नव्हतं त्यांतले बरेचसे गेले आणि उरलेले मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून खाली पार्किंगवरून चाललेली भांडणं ऐकतात.

तर असं असायचं. गुळाच्या ढेपा मांडलेल्या असायच्या. खरेदीदार यायचा, ढेपेचा एक खडा तोंडात टाकायचा आणि माल अगदीच टाकाऊ असल्यासारखा चेहरा करायचा. मग हिंमतराव खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकायचे, खरेदीदार त्याखाली हात घालायचा आणि भाव बोटांनी ठरायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच. वर दोघं पोरांच्या शाळेबद्दल, नाहीतर गुडघेदुखीबद्दल बोलत असायचे आणि खाली गाडीभर मालाचा सौदा चाललेला असायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता नाही. ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाही नाही, आणि म्हणूनच पुढे सरकारनं हा प्रकार बंद करून उघड लिलाव आणला. बरंच झालं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण त्या रुमालाचा एक कायदा होता. तोंडानं माणूस हवं ते बोलो, रुमालाखाली खोटं बोलायचं नाही. ‘मी दोन बोटं धरलीच नव्हती’ असं जो म्हणाला तो बाजारातून उठला. त्याच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालायचं नाही. हिंमतरावांनी उभ्या हयातीत बोट फिरवलं नव्हतं. तोंडानं मात्र ते पट्टीचे थापाडे होते. बायकोला, मुक्ताबाईंना, त्यांनी सांगितलेल्या थापांवर एक वेगळा लेख होईल.

त्याच दुकानात संपत तोलणार होता. म्हणजे काट्यावर माल तोलणारा. हिंमतराव बोलघेवडे, तर संपत दिवसातून मोजकं बोलणारा आणि तेही काट्याशी. दोघं एका वर्षी बाजारात आले, एका टपरीवर चहा प्यायले आणि एकाच तंबाखूच्या पुडीवर तरुणपण काढलं. दुकानाच्या मागच्या बाजूला बायका तागाची पोती शिवत बसायच्या. त्यांत गोदाबाई होती. तेव्हा ती नुसती गोदा होती, हातात दाभण आणि जिभेलाही तसंच टोक. संपतला ती आवडायची, आणि तो हे फक्त हिंमतरावांना सांगू शकत होता.

शेवटी हिंमतराव वैतागले. एका दुपारी गोदासमोर जाऊन बसले, हातावर रुमाल टाकला आणि म्हणाले, “संपतबद्दल विचारतोय. हो असेल तर एक बोट धर. नाही असेल तर दोन.”

“हे तोंडानं विचारायला काय झालं?” गोदा म्हणाली. “नाव तेवढं हिंमतराव.”

“तोंडाचा काय भरवसा. उद्या फिरशील. रुमालाखाली सांग.”

तिनं दाभण पोत्यात खोचून ठेवलं, रुमालाखाली हात घातला आणि एक बोट धरलं. असं घट्ट धरलं की हिंमतराव तिथल्या तिथे ओरडले. संपत काट्याआड उभा राहून सगळं बघत होता, त्या दिवशी त्यानं एक ढेप दोनदा तोलली. पुढे प्रत्येक लग्नाच्या वाढदिवसाला हा किस्सा व्हायचा आणि प्रत्येक वेळी हिंमतराव बोट थोडं जास्त सुजवून सांगायचे.

मग ते दिवस आले, ज्यांना पेपरवाले उदारीकरण म्हणतात. बाजारात त्याला कुणी काही म्हणत नव्हतं, फक्त एकेक गोष्ट बदलत गेली. काट्याच्या जागी विजेवर चालणारा तराजू आला. संपत त्याच्याकडे संशयानं बघायचा, म्हणायचा, “हा नुसते आकडे दाखवतो, झुकत नाही.” लिलाव मोठ्यानं ओरडून व्हायला लागला. हिंमतरावांचा रुमाल घाम पुसण्यापुरता उरला. ज्या कोथरूडला एके काळी हिंमतरावांनी घर घेतल्यावर लोकांनी ‘एवढ्या रानात कशाला चाललात’ म्हणून वेड्यात काढलं होतं, तिथे सोसायट्या झाल्या. संपतचा मुलगा अभय शिकला, हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत लागला आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून हिंडायला लागला. संपतला त्याचं भारी कौतुक. तो पट्टा एकदा त्यानं स्वतःच्या गळ्यात घालून आरशात बघितला होता, हे गोदाबाईंनीच सांगितलं.

दोन हजार चार साली हिंमतरावांच्या छातीत कळ आली ती भर बाजारात. तात्यारावांनी त्यांना आपल्या गाडीत घातलं आणि थेट हॉस्पिटलला नेलं. रस्त्यात हिंमतराव ‘गॅस आहे हो, गॅस’ म्हणत होते, पण तात्यारावांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी कामाला आलं.

तिथे एक नवीन औषध तपासून बघायचं काम चाललं होतं. सत्यशीला मेश्राम नावाच्या सिस्टर ते बघायच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, आता विश्रांतवाडीला राहणाऱ्या, आणि माणसाला समजल्याशिवाय सही करू न देणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी थोडक्यात, पण समजेल असं सांगून हिंमतरावांची सही घेतली. सविस्तर सांगितलं ते नंतर, हिंमतराव उशीला टेकून बसल्यावर.

“काका, हृदयाची नस बंद पडली की तिथला स्नायू उपाशी राहतो. आपण नस उघडतो, रक्त परत येतं. येऊ तर द्यायलाच हवं. पण ते लोंढ्यानं येतं, आणि त्याच्याबरोबर शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीही येतात. त्या गोंधळतात. आधीच अर्धमेल्या झालेल्या स्नायूलाच शत्रू समजून मारतात.”

हिंमतरावांनी विचार केला. “हमालांचा संप मिटल्यावर होतं तसं. गेट उघडलं की सगळे ट्रक एकदम घुसतात आणि आत राहिलेला मालही चेंदामेंदा करतात.”

“तसंच समजा. तर हे औषध म्हणजे अँटिबॉडी. त्या पेशींना नेमकं ओळखून दारात अडवते. निदान अडवेल, अशी आशा आहे. म्हणून अर्ध्या लोकांना अँटिबॉडी देतात, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि बघतात फरक पडतो का. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. अभ्यास संपेपर्यंत मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही.”

“म्हणजे रुमालाखाली,” हिंमतराव म्हणाले आणि खूश झाले. रुमाल गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

ते खडखडीत बरे झाले. बाजारात परत गेले आणि आपल्याला परदेशी औषध मिळालं की पाणी, यावर चहाच्या टपरीवर पैजा लावायला लागले.

पुढच्या वर्षी पितृपंधरवड्यात संपतला सकाळी छातीत दाब आला. आदल्या दिवशी घरी वडिलांचं पान झालेलं, खीर-वडे जड जेवण. गोदाबाईंना वाटलं पित्त. कुणालाही वाटलं असतं. त्यांनी लिंबू-सोडा दिला, ओवा दिला, छातीला तेल चोळलं आणि ‘पडा जरा’ म्हणाल्या. संपत पडला. तक्रार करायचा त्याचा स्वभाव नव्हताच. दुपार कलली तेव्हा त्याचा शर्ट घामानं भिजला होता. अभय कंपनीतून धावत आला आणि त्याला घेऊन गेला.

निरोप मिळालेले हिंमतराव हॉस्पिटलच्या दारात आधीच उभे होते. हॉस्पिटल तेच, सिस्टर त्याच, औषधाचा तो अभ्यासही अजून चालू होता. संपतनं सिस्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि हिंमतरावांकडे बघितलं.

“कर सही,” हिंमतराव म्हणाले. “मी केली होती. बघ, घोड्यासारखा हिंडतोय.”

नस उघडली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, रक्त झकास वाहत होतं. पण संपतचं हृदय काही उभारी धरेना. जिना चढता येईना, पाय सुजायला लागले, रात्री बसून झोपावं लागे. संक्रांतीच्या तोंडावर, बाजारात गुळाची आवक ऐन भरात असताना, तो गेला.

दहाव्याला ओंकारेश्वरापाशी सगळे जमले होते. पिंडाला कावळा शिवला, माणसं उठायच्या बेतात होती आणि अभय एकदम आईला म्हणाला, “तू सोडा पाजत बसलीस. सकाळीच आणलं असतंस तर बाबा आज असते.”

पोरगं वाईट नव्हतं. बाप गेलेलं पोरगं होतं, एवढंच. पण गोदाबाईंचा चेहरा असा झाला की हिंमतरावांना तो बघवेना. सगळे नदीकडे बघायला लागले. काहीतरी बोलायला हवं होतं आणि हिंमतराव बोलले. त्यांना तेवढं एक येत होतं.

“सोड्याचं काय घेऊन बसलास रे? औषधाचा खेळ आहे तो. आम्हा दोघांतल्या एकाला औषध, एकाला पाणी. मला औषध मिळालं, म्हणून मी इथे उभा आहे. तुझ्या बापाला पाणी मिळालं. यात तुझ्या आईनं काय केलं?”

“तुम्हाला काय माहीत कुणाला काय मिळालं?”

“मला आतून कळतं,” हिंमतराव म्हणाले.

साफ थाप. पण गोदाबाईंनी मान वर केली. त्या दिवसापासून त्यांच्या घरात हेच खरं ठरलं. आल्यागेल्याला गोदाबाई सांगायच्या, ‘ह्यांच्या वाट्याला पाणी आलं.’ सोड्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अभयनं नंतर आईची माफी मागितली आणि कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा तिला घेऊन आला. हिंमतरावांच्या मागच्याच गल्लीत.

गंमत अशी, की ही थाप सगळ्यांत जास्त बाधली ती खुद्द हिंमतरावांना. इतक्या वेळा ऐकली, की त्यांनाही ती खरी वाटायला लागली. दोन ताटं वाढली होती आणि आपण संपतच्या ताटातलं खाल्लं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पैजा बंद झाल्या. टपरीवर एक चहा मागवताना त्यांच्या तोंडून दोन निघायचं आणि मग ते दुसरा तसाच ठेवून उठायचे. गोदाबाईंच्या घरी गेले की दारातल्या खुर्चीवर टेकायचे, आत यायचे नाहीत. दिवाळीला घरचा पहिला डबा तिकडे जायचा.

मुक्ताबाई एकदा कंटाळून म्हणाल्या, “ताट कॉम्प्युटरनं वाढलं, तुम्ही नाही. किती दिवस जीव खाणार आहात स्वतःचा?”

“खाल्लं तर मीच ना,” हिंमतराव म्हणाले.

संपत जाऊन तीन वर्षं होत आली होती तेव्हा सत्यशीला सिस्टरचा फोन आला. अभ्यास संपला होता, कुणाला काय मिळालं ते आता सांगता येणार होतं. हिंमतराव गोदाबाईंना रिक्षानं घेऊन गेले. पण हॉस्पिटलच्या आवारात शिरल्यावर त्या गुलमोहराखालच्या बाकावर बसल्या आणि उठेचनात.

सिस्टर स्वतः बाहेर आल्या. “ताई, संपतरावांचं तुम्हालाच सांगायला हवं. तुम्ही नाही म्हणालात तर मी ह्यांनाही सांगणार नाही.”

“यांना सांगा,” गोदाबाई म्हणाल्या. “मला यांच्याकडून ऐकायचंय.”

आत सिस्टरनी दार लावलं. “काका, आधी तुमचं सांगते. तुम्हाला मिठाचं पाणी मिळालं होतं.”

हिंमतरावांनी खुर्ची पुढे ओढली. “आणि संपतला?”

“त्यांना अँटिबॉडी.”

“मग तो कसा गेला? आणि मी कसा राहिलो?”

“औषधानं फरक पडला नाही, काका. जगभर मिळून बघितलं. मिळालेले आणि न मिळालेले, सगळे सारखेच निघाले. लोक अजून शोधतायत, पुढे सापडेलही काही. पण हे नाही चाललं.” सिस्टरनी फाइल मिटली. “तुम्ही लवकर आला होतात. संपतराव आले तोवर स्नायू बराचसा गेला होता. लवकर आणलं असतं तरी ते वाचले असते का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण वेळेचा फरक पडतो, हे खरं.”

हिंमतरावांना पहिल्यांदा आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं. असा आनंद झाला की डोळे भरून आले. त्यांनी कुणाच्या ताटातलं खाल्लं नव्हतं. संपतला जे मिळायचं ते मिळालं होतं. आता गोदाबाईंच्या घरात जाऊन चांगलं पाटावर बसून जेवता येणार होतं, टपरीवर एक चहा पिता येणार होता. उठून ते जवळजवळ धावतच दारापर्यंत गेले.

काचेतून त्यांना बाक दिसला. गोदाबाई पाठ ताठ करून बसल्या होत्या, हातांत पदराचं टोक आवळलेलं, नजर दाराकडे. संपतच्या लग्नाच्या बोलण्याच्या दिवशीही त्या अशाच ताठ बसल्या होत्या. आणि हिंमतरावांच्या तेव्हा ध्यानात आलं, की आपल्या छातीवरचा दगड काढला तर ठेवायला जागा एकच आहे.

सोडा. ओवा. ‘पडा जरा.’

ते सावकाश बाहेर आले. वाटेत त्यांनी ठरवलं, सरळ सांगून टाकायचं, पाणी होतं म्हणून. थाप तर थाप. तोंडाचं काय, तोंड आयुष्यभर हेच करत आलंय. ते बाकावर बसले आणि त्यांनी घसा खाकरला.

“तोंडानं नको, भावजी,” गोदाबाई म्हणाल्या. “दहाव्याला तुम्ही जे बोललात ते मला वाचवायला बोललात, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी ते धरून बसले. आज मला खरं पाहिजे.”

त्यांनी हिंमतरावांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला. घामाचा, धुऊन धुऊन विरलेला. तो आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

“औषध मिळालं असेल तर एक बोट. पाणी असेल तर दोन.”

आवारात गर्दी होती. कुणाचा मोबाईल वाजत होता, गळ्यात पट्टे घातलेली दोन पोरं हसत चहा पीत होती. एक म्हातारा आणि एक म्हातारी रुमालाखाली हात घालून बसलीत, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हिंमतरावांनी रुमालाखाली हात घातला. गोदाबाईंची बोटं त्यांना सापडली, पोती शिवून टोकं कडक झालेली. एक बोट त्यांनी धरलं. खरं म्हणजे हातानंच आपणहून धरलं. सवयीचं इमान होतं ते. मग त्यांनी दुसरंही बोट धरलं आणि दोन्ही एकदम घट्ट दाबली.

गोदाबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही. मग त्या रडल्या, मोठ्यानं नाही, पण अगदी मोकळ्या होऊन रडल्या. दहाव्याच्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या.

“म्हणजे सोड्यानं नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“आणि तुम्हाला? तुम्हाला औषध मिळालं होतं?”

हा प्रश्न तोंडानं विचारला होता, म्हणून उत्तरही तोंडानं देता आलं. “हो, वहिनी,” हिंमतराव म्हणाले. “मला मिळालं होतं.”

गोदाबाईंनी डोळे पुसले, रुमालाची घडी केली आणि तो त्यांच्या खांद्यावर परत ठेवला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “दोघांतल्या एकाला तरी लागू पडलं.”

घरी मुक्ताबाईंनी विचारलं, काय निघालं. हिंमतरावांनी तेच सांगितलं. मुक्ताबाईंना सांगणं म्हणजे दोन गल्ल्यांना सांगणं, हे ते जाणून होते. अभयनं इंटरनेटवर शोधलं असतं तर ते औषध चाललं नाही हे त्याला एका मिनिटात कळलं असतं, पण आपल्याकडची मुलं इंटरनेटवर शाळा शोधतात, फ्लॅट शोधतात; बापाचं औषध शोधायचं त्याला कधी सुचलं नाही.

त्यानंतर हिंमतराव बाजारात गेले ते हिशेब मिटवायला. तात्याराव म्हणाले, ‘तब्येत ठणठणीत आहे, का सोडताय?’ हिंमतराव म्हणाले, ‘आता हात देववत नाही.’ रुमालाचा लिलाव बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, त्यामुळे तात्यारावांना त्याचा काही अर्थ लागला नाही.

पुढची सगळी वर्षं ते दर दिवाळीला पहिला डबा घेऊन गोदाबाईंच्या दारातल्या खुर्चीवर बसायला जात राहिले. गोदाबाई आतून ओरडायच्या, “आत या की भावजी, बाहेर काय बसता?” आणि हिंमतराव तिथूनच म्हणायचे, “बरा आहे इथे.”